पाचवी तार

३ मार्च, मंगळवार

पत्र आले. शब्दकोश मंडळाच्या साहाय्यक संपादक या पदासाठी होणाऱ्या निवड परीक्षेला मी पात्र ठरले आहे. ग्रंथालयातल्या छपाईयंत्रावर पत्र छापून घेतले आणि तिथेच जिन्यात उभी राहून चार वेळा वाचले. छापताना कागद तिरका गेल्यामुळे उजवी कड बोटभर फाटली. पण मजकूर शाबूत आहे.

परीक्षा एकोणीस तारखेला, गुरुवारी, सकाळी अकरा ते दुपारी दोन. घरूनच द्यायची, संगणकावर. पलीकडून कोणीतरी कॅमेऱ्यातून माझ्याकडे पाहत राहणार. अटी अशा: खोलीत उमेदवाराखेरीज कोणीही नसावे. इंटरनेटची जोडणी वायरनेच असावी, वाय-फाय चालणार नाही. जोडणी सलग तीस सेकंदांपेक्षा अधिक काळ तुटल्यास परीक्षा आपोआप समाप्त होईल आणि ती पुन्हा देता येणार नाही. वयाची अट पाहता मला पुढच्या खेपेची वाट पाहणे शक्य नाही. म्हणजे ही एकच वेळ.

पत्राच्या दुसऱ्या पानावर आणखी एक ओळ आहे. निवड झालेल्यांनी दोन वर्षे मंडळाच्या वसतिगृहात राहणे आवश्यक. मंडळ इथून रेल्वेने एकोणीस तासांवर आहे. घरी मी फक्त ‘एक परीक्षा आहे’ एवढेच सांगितले. उरलेले निकाल लागल्यावर सांगेन. जे अजून घडलेच नाही, त्यावरून घरात आधीच वादळ कशाला?

आल्याबरोबर घरातल्या अरुंद बोळात, राउटरपाशी गेले. त्याला वायर जोडण्यासाठी चार पोर्ट आहेत आणि चारही भरलेले आहेत. पहिला दादाचा, तो घरी बसून इमारतींचे आराखडे काढतो. दुसरा आणि तिसरा आईचे; एक तिच्या संगणकाचा, एक तिच्या फोनचा. रुग्णालयात डॉक्टरांची वेळ मागणाऱ्यांचे फोन ती दिवसभर घेते. चौथा वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या परिचारिकाबाईंचा. घरात ज्यांचे काहीच तारेला जोडलेले नाही, अशी माणसे दोनच. बाबा आणि मी.

जेवताना विषय काढण्याचा प्रयत्न केला.

“दादा, एकोणीस तारखेला तीन तास...”

“माझी वायर काढायची नाही,” दादा म्हणाला. मी वायर हा शब्दही उच्चारला नव्हता.

“अगं, वाय-फाय आहे की,” आई म्हणाली.

मी वरणात भात कालवत राहिले. मागणे ही कला मला साधलेली नाही. शाळेत मला बक्षीस द्यायलासुद्धा बाई माझ्या बाकापर्यंत चालत येत असत.

४ मार्च, बुधवार

संगणकाच्या दुकानात गेले. तीन गिऱ्हाइके माझ्यानंतर येऊन माझ्याआधी निघून गेली. शेवटी गल्ल्यावरच्या चष्मेवाल्या बाईंनीच विचारले, “पोरी, तू गिऱ्हाईक आहेस की राखण करायला बसलीस?”

मी रात्री लिहून ठेवलेला परिच्छेद वाचून दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“एवढंच ना? राउटर बदलायची गरज नाही. स्विच घे.” त्यांनी तळहाताएवढा, आठ भोकांचा एक काळा डबा माझ्यापुढे ठेवला. “राउटरची एक वायर काढ. तिच्या जागी या डब्याची वायर लाव. काढलेली वायर डब्यात घाल. एक जागा गेली, सात आल्या. यात ना काही भरायचं, ना शिकायचं. लावला की चालू.”

“इतकं सोपं?”

“सोपं आहे म्हणून तर लोक बिघडवतात.”

डबा घेतला, दहा मीटरची एक वायर घेतली. डबा आणि राउटर यांना जोडणारी वीतभर वायरही घेतली. बाईंनी तसलीच आणखी एक फुकट टाकली. घरी येऊन वहीत आकृती काढली, तीन रंगांत. दादाची वायर एक मिनिट काढावी लागणार. त्याला कसे विचारायचे, याची मात्र आकृती काढता येईना.

५ मार्च, गुरुवार

विचारलेच नाही. दादा आंघोळीला गेला, त्याने आतून कडी लावली, बादलीत पाणी पडू लागले, आणि मी बोळात धावले. बाबा तिथे होतेच. त्यांनी विजेरी धरली.

दादाची वायर काढली. डब्याची वायर तिच्या जागी, दादाची वायर डब्यात, माझी दहा मीटरची वायर तिच्याशेजारी. ती दाराखालून बाबांच्या कामाच्या खोलीत नेली. परीक्षा मी तिथेच देणार आहे. माझ्या खोलीला दार नाही, पडदा आहे. बाबांनी चाळीस वर्षे याच खोलीत पुस्तके बांधली. अजूनही तिथे खळीचा वास येतो. दाभण, दोऱ्याची रिळे आणि पुठ्ठा कापायचे यंत्र सगळे जागच्या जागी आहे. काम तेवढे येत नाही.

लॅपटॉपला वायर लावताच डब्यावर हिरवा ठिपका लुकलुकला. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने “लागला!” म्हणाले आणि मग स्वतःच्याच आवाजाला दचकले.

बाबांनी विजेरी विझवली. “हा ठिपका कुणाचा?”

“दादाचा.”

“आणि हा?”

“माझा.”

“जोरात पळतोय,” ते म्हणाले आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभे राहिले. बाबांना अशा बारीक गोष्टींचे कौतुक फार.

७ मार्च, शनिवार

सराव परीक्षा दिली. तीन तासांत जोडणी एकदाही तुटली नाही.

सरावामुळे दुपारचे आमचे वाचन मात्र राहिले. घरात इतर दोघांच्या कानांवर दिवसभर यंत्रे असतात. बाबांच्या आणि माझ्या नसतात, म्हणून दुपारी चार ते सहा मी त्यांना वाचून दाखवते आणि ते एखादे जुने पुस्तक दुरुस्त करत ऐकतात. आज सहा वाजता बाहेर आले तेव्हा ते पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, “उद्या वाचू. पुस्तक कुठं पळतंय?”

९ मार्च, सोमवार

अनर्थ. सराव संपवून लॅपटॉप काढला, पंधरा मिनिटांसाठी ग्रंथालयात गेले आणि परतले तो घर डोक्यावर घेतलेले. सगळ्यांचे इंटरनेट एकदम बंद. आई कानावरचे यंत्र उतरवून बोळात उभी. “एका म्हाताऱ्या बाईंना वेळ देत होते गं. मधेच गेलं! काय वाटलं असेल त्यांना?” वरच्या परिचारिकाबाई जिन्यातून विचारताहेत, “बिल भरलं नाही का?”

आणि डब्यावरचे सगळे ठिपके एकाच वेळी, भूत लागल्यासारखे लुकलुकत होते. एरवी प्रत्येकाची चाल वेगळी असते. आज सगळे मिळून किंचाळत असल्यासारखे.

मी वाकून पाहणार, तोच दादाने डब्यातल्या सगळ्या वायरी मुठीत धरून उपटल्या, आपली वायर राउटरमध्ये घातली आणि क्षणात घर सुरू झाले.

“पंडितबाई,” तो म्हणाला, “शब्दकोश लिहा, निबंध लिहा, माझ्या वायरीला हात लावू नका.”

माझे कान गरम झाले. उत्तर चार तासांनी सुचले, तेही फार चांगले नव्हते.

संध्याकाळी, दादाचे काम संपल्यावर, दादाने केलेल्या गुंत्यातून माझी वायर ओढून पुन्हा खोलीत नेली आणि सगळ्या वायरी आकृतीप्रमाणे लावल्या. सगळे सुरळीत. मग बिघडले होते काय? कारण न कळता बरा झालेला आजार मला मुळीच आवडत नाही.

१० मार्च, मंगळवार

एक क्षुल्लक गोष्ट. मंडळाचे पत्र मी व्याकरणाच्या जाड पुस्तकात ठेवले होते. आज उघडले तर त्याची फाटकी उजवी कड सरळ कापलेली. दोन्ही पानांची, अगदी रेषेत. बाबांचेच काम. फाटकी कड त्यांच्याने पाहवत नाही. वाण्याकडून आलेल्या पुडीचा कागदसुद्धा ते सरळ कापून ठेवतात. त्यांनी दुसरे पान वाचले असेल का? मग स्वतःची समजूत घातली. बाबा कडा पाहतात, मजकूर नाही. आयुष्यभर त्यांनी हजारो पुस्तके न वाचताच बांधली आहेत.

१२ मार्च, गुरुवार

आजचा दिवस नीट क्रमाने लिहिते; नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळचा सराव संपवला, लॅपटॉप काढला आणि केस धुवायला गेले. बाहेर आले तो पुन्हा तेच. सगळे बंद. दादाने पुन्हा वायरी उपटल्या. या वेळी तो ओरडला नाही, फक्त म्हणाला, “आता बास हं,” आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होते.

माझ्या मनात एकच विचार आला: हे दादाच करतो आहे. डबा त्याला पहिल्यापासून नको होता. तोंडावर बोलण्याचे धैर्य नव्हते, म्हणून पत्र लिहिले. ‘आपल्या वर्तनाने माझ्या भवितव्याची हानी होत आहे, याची आपणांस जाणीव असावी अशी अपेक्षा आहे.’ खाली सही केली आणि त्याच्या दाराखालून सरकवले.

दोन मिनिटांत दार उघडले.

“आपणांस?” दादा म्हणाला. “मी तुला सायकल शिकवली, आणि मी आपणांस?”

मी जमिनीकडे पाहत होते.

“अगं, तुझ्या त्या डब्यातून माझीच वायर जाते ना? डबा बंद पाडला तर पहिलं काम कुणाचं बंद पडतं? माझं! पहिला नंबर कसा काय आणायचीस गं तू?”

इतका साधा तर्क मला सुचला नाही, याची लाज आरोपाच्या लाजेहूनही मोठी होती. क्षमा मागितली. त्याने पत्र घडी घालून खिशात ठेवले. म्हणाला, “हे मी जपून ठेवणार. तुझ्या लग्नात वाचून दाखवीन.”

मग बोळात जाऊन उपटलेल्या वायरींचा गुंता सोडवायला बसले आणि दिसले, की माझ्या दहा मीटरच्या वायरीचे सुंदर वेटोळे केलेले आहे. मधोमध मेण लावलेल्या दोऱ्याची गाठ. खोलीत असायला हवे ते टोकही इथेच, बोळात; म्हणजे दादाने उपटण्याआधी तेही डब्यातच असणार. तशीच दुकानात गेले. आज कोणाला पुढे जाऊ दिले नाही.

चष्मेवाल्या बाई खो खो हसल्या. “दोन्ही टोकं एकाच डब्यात! अगं, डबा काय करतो? इकडचा निरोप तिकडे सांगतो. आता त्याचंच तोंड त्याच्याच कानाला लावलंस, तर तो तोच निरोप स्वतःला सांगत बसतो, पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा. दुसऱ्यांना बोलायला जागा कुठं उरते? सगळं घर बंद. एक टोक काढ, लगेच शांत. कुणी केलं गं?”

मला आता ठाऊक होते. घरी आले. बाबा खिडकीशी बसून एका पुस्तकाची पाठ शिवत होते.

“बाबा, माझी वायर तुम्ही गुंडाळली होती का?”

“हो. टोक लोंबत होतं. मोकळं टोक राहिलं की कुणाच्या तरी पायात येतं. जागा रिकामी दिसली, आत घातलं.” सुई हवेत थांबली. “का गं?”

मला हसू आले आणि रडूही. बांधणीतला माणूस! मोकळे टोक दिसले की आत घेणार, हे मला आधी कसे सुचले नाही? दादाविषयी मी काय काय विचार केले आणि उत्तर होते दोऱ्याच्या एका गाठीत.

बाबांना वाईट वाटू नये म्हणून मी त्यांना सगळे नीट समजावून सांगितले. आकृती काढली. दोन्ही टोके आत गेली की काय होते, तेही बाणांनी दाखवले. त्यांनी दादाप्रमाणे जांभई दिली नाही. फार लक्ष देऊन ऐकले.

“म्हणजे एक टोक आत घातलं की सगळं बंद?”

“हो.”

“आणि बाहेर काढलं की लगेच चालू?”

“लगेच.”

“त्या दिवशी, परीक्षेत, असं झालं तर?”

“तीस सेकंद थांबतात. मग संपलं. ती परीक्षा पुन्हा देता येत नाही, बाबा.”

“तीस,” ते म्हणाले. सुईत दोरा ओवायला त्यांना आज बराच वेळ लागला.

झोपण्यापूर्वी एक गोष्ट केली. डब्याच्या पाच रिकाम्या भोकांवर कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवल्या. खळ बाबांनीच कालवून दिली.

१६ मार्च, सोमवार

आजचे आजच लिहून ठेवते.

आज सरावाच्या मधोमध जोडणी गेली. माझी वायर लॅपटॉपलाच होती. लोंबणारे टोक नव्हतेच. पडद्यावर सेकंदांचे आकडे चढू लागले. दहा. वीस. मी खुर्चीवरून उठून दाराकडे धावले, मग आठवले की परीक्षेत जागा सोडता येणार नाही, म्हणून परत येऊन बसले. तीस. ‘आपली परीक्षा समाप्त झाली आहे. धन्यवाद.’ सराव होता, हे मला ठाऊक होते. तरी ती ओळ मी तीनदा वाचली.

बोळात गेले. दुकानदार बाईंनी फुकट दिलेली वीतभर वायर डब्यात होती. दोन्ही टोके आत. दोन भोकांवरच्या कागदी पट्ट्या फाटलेल्या नव्हत्या. त्या पूर्ण सुटून फळीवर एकावर एक पडल्या होत्या.

मी पुष्कळ विचार केला. खळ वाळली की कागद सुटतो, हे उघड आहे. राहिली वायर. ती मी कुठे ठेवली होती ते मला आठवत नाही. हरवू नये म्हणून मीच ती डब्यात अडकवून ठेवली असेल का? परीक्षेच्या धास्तीने मी असे काही करून विसरत असेन, तर ही फार गंभीर गोष्ट आहे. मग इतके दिवस ठिपके का बिघडले नाहीत, याचाही उलगडा होत नाही.

बाबांना विचारावे असे वाटले होते, पण ते तेव्हा गच्चीत कुंड्यांना पाणी घालत होते. आज दुसऱ्यांदा. शिवाय सगळे समजावून सांगितल्यावर पुन्हा विचारणे म्हणजे त्यांचा अपमान.

दादा मात्र या वेळी खरेच चिडला. “गुरुवारी एक वाजेपर्यंत मला अख्ख्या इमारतीचे आराखडे पाठवायचेत. त्या दिवशी जरा जरी अडकलं ना, तर मी डबा काढून फेकेन. तुझी परीक्षा असो नाहीतर आणखी काही. सांगून ठेवतो.”

“तिचीही परीक्षाच आहे,” आई म्हणाली.

“माझी रोजच असते.”

१७ मार्च, मंगळवार

अभ्यास झाला नाही. दर दहा मिनिटांनी उठून डब्याकडे पाहून येते. ती वीतभर वायर फळीच्या टोकाला, डब्यापासून लांब ठेवली आहे. फेकून देणे जिवावर आले. दुपारी बाबांना अर्धा तास वाचून दाखवले. मध्येच त्यांनी थांबवले. “आवाज बसलाय तुझा. राहू दे.” आवाज बसलेला नव्हता.

१८ मार्च, बुधवार

निर्णय घेतला आहे. उद्या डब्याजवळ कोणीतरी बसायला हवे. कागद, चिकटपट्टी, सूचना यांवर आता माझा भरवसा नाही, माणूस हवा. आई फोनवर असेल. परिचारिकाबाईंना सांगण्याइतकी ओळख नाही. दादाला सांगणे म्हणजे विस्तवाला कापूस राखायला ठेवणे. उरले बाबा. इतके सरळ उत्तर, आणि मी दोन दिवस डोके फोडत होते.

सकाळी त्यांना विचारले. ते दाढी करत होते. वस्तरा थांबला.

“मी?”

“हो. अकरा ते दोन. बोळात खुर्ची टाकून बसायचं. त्या डब्याला कुणालाही हात लावू द्यायचा नाही.”

“दुसरं कुणी नाही का?”

“बाबा, तुमच्याइतका विश्वास मी कुणावर ठेवणार?”

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिले. मग उरलेली दाढी केली. हनुवटीवर थोडे कापले. चाळीस वर्षे पाते वापरणाऱ्या माणसाला असे कापलेले मी प्रथमच पाहिले.

जेवायला बसल्यावर त्यांनी एकदम विचारले, “तिथं पुस्तकं बांधायला माणसं असतील, नाही?”

“असतील की,” मी म्हणाले. नंतर लक्षात आले, ‘तिथे’ म्हणजे कुठे हे मी त्यांना सांगितलेलेच नाही. शब्दकोश म्हणजे शेवटी पुस्तकच, ते कुठेतरी बांधले जाणारच, असा त्यांचा हिशेब असावा.

रात्री आई म्हणाली, “यांनी आज ताटात अर्धी भाकरी ठेवली. बरं नाही वाटतं.” मी विचारले तर बाबा म्हणाले, “पोट भरलंय.” त्यांना बरे नसेल तर उद्या बसतील कसे, अशी माझी पहिली प्रतिक्रिया झाली. स्वतःची लाज वाटली, पण लिहून ठेवते.

१९ मार्च, गुरुवार

परीक्षा झाली. आता चार वाजले आहेत. जसे घडले तसे लिहिते.

पावणेअकराला बाबा बोळात खुर्चीवर येऊन बसले. धुतलेला सदरा घातला होता. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवायला उचलला, आणि काय झाले कोण जाणे, माझी वेणीच सारखी केली. “जा. बस.”

दार लावले. दाराखालच्या फटीतून माझी वायर आणि तिच्यापलीकडे बाबांची दोन पावले दिसत होती. पडद्यावर पर्यवेक्षिकेने खोली दाखवायला सांगितली. मी लॅपटॉप फिरवला. दाभण, रिळे, पुठ्ठ्याचे यंत्र. “ही कसली खोली?” तिने विचारले. “माझ्या वडिलांची,” मी म्हणाले. परीक्षेतले तेवढेच उत्तर मी विचार न करता दिले.

पहिला भाग चांगला गेला. दुसऱ्या भागात एका शब्दाच्या सात अर्थांचा क्रम लावायचा होता. मी तिसऱ्या अर्थावर असताना दादाची पावले आली.

“बाबा, सरका. फाइल अडकली आहे. डबा काढतो.”

“हात लावायचा नाही.”

“एक मिनिट लागेल फक्त.”

“तीस सेकंदांत संपते तिची परीक्षा.”

“आणि माझं काम? एक वाजायला आलाय! बाबा, तुम्हाला यातलं काय कळतं?”

“मला कळतं,” बाबा म्हणाले. “म्हणून तर सांगतो, जा.”

बाबांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. दादा क्षणभर थांबला आणि गेला. काही वेळाने त्याच्या खोलीतून “गेली एकदाची!” असे ऐकू आले. त्याची फाइल पोचली असावी. मी डोळे पुसले. पर्यवेक्षिकेने ‘काही अडचण?’ असे लिहून विचारले. मी मान हलवली.

दोन वाजायला वीस मिनिटे होती. शेवटचे टिपण लिहीत होते. फटीतली पावले हलली. खुर्ची सरकली. आणि पडदा गोठला.

एक. दोन. तीन.

दादाच्या खोलीतून “आता काय?” अशी आरोळी. आईचे “हॅलो? हॅलो?” सात. आठ. मी जागची उठू शकत नव्हते. हाक मारली असती तर बोलण्याबद्दल बाद झाले असते. बारा. फटीत बाबांची पावले दिसत होती, डब्याच्या अगदी समोर. म्हणजे ते पाहताहेत, तेच काहीतरी करतील, असे मी स्वतःला सांगत राहिले. सोळा. सतरा. बोळात कोणीच काही बोलत नव्हते. एकोणीस. मी बाबांच्या टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. बावीस. तेवीस. चोवीस.

पडदा हलला. पर्यवेक्षिकेचा चेहरा परत आला. मी उरलेली पाच वाक्ये लिहिली. कशी लिहिली ते आठवत नाही. दोन वाजता ‘आपली उत्तरपत्रिका प्राप्त झाली’ असे आले.

दार उघडले. बाबा खुर्चीवर होते. दोन्ही हात मांड्यांखाली घालून, त्यांवर पूर्ण भार देऊन बसले होते, लहान मुलांना वर्गात बसवतात तसे. कपाळावर घाम होता. डबा नीट चालला होता. प्रत्येक ठिपका आपापल्या चालीने.

“मध्ये एकदा बंद पडलं होतं, बाबा.”

“हो.”

“चोवीस सेकंद.”

“चोवीस?” ते म्हणाले. “मला फार जास्त वाटलं.”

“तुम्ही काय केलंत? कसं सुरू झालं?”

त्यांनी पायाशी पाहिले; फळीवरची वीतभर वायर तिथे पडली होती, खुर्ची सरकताना पडली असावी. विजेचा दाब कमीजास्त झाला की अशी यंत्रे क्षणभर अडतात म्हणे. तसेच झाले असणार. आणि मग मला राहवेना. मी खाली बसले, त्यांच्या गुडघ्यावर डोके ठेवले आणि सगळे सांगून टाकले. मंडळ दूर आहे. एकोणीस तास. दोन वर्षे. वसतिगृह. तुम्हाला आधी सांगायला हवे होते.

त्यांनी एकदाही ‘काय?’ असे विचारले नाही. सगळे संपल्यावर म्हणाले, “पेपर पूर्ण झाला ना?”

“झाला.”

“सगळा?”

“सगळा, बाबा. आता निकालाचीच वाट.”

“मग आता उठू का मी?”

मला हसू आले. माझी परवानगी कसली मागता? “उठा ना,” मी म्हणाले. “संपली परीक्षा.”

तरी ते बराच वेळ उठले नाहीत. हात बाहेर काढले तेव्हा त्यांवर खुर्चीच्या वेताच्या लाल जाळ्या उमटल्या होत्या. बहुधा पूर्ण वेळ तसेच बसले असावेत.